वाळवंट दिसलं की सूर अरबी?

'ड्यून'चं (२०२१) हान्स झिमरने केलेलं, ऑस्कर मिळवलेलं पार्श्वसंगीत मला अतोनात आवडतं. त्यातला 'इस्लामी सूर' मात्र सापडत नाही. अनेकांना तो लगेच सापडतो. वाळू दिसली आणि बाईने हंबरडा फोडला की झालं! ती गायिका कॉटलर. तिच्या गळ्यात ज्यूंचे निगुन आहेत, केल्टिक विलाप आहे, तुवाचं कंठगायन आहे, अगदी आपल्या दक्षिणेतलं कोन्नक्कोलही आहे. त्यातला दुदुक आर्मेनियाचा, जर्दाळूच्या लाकडाचा. आर्मेनियन लोक बहुसंख्य ख्रिस्ती. अट्रायडीस घराण्याला तर चक्क बॅगपाइप! युरोपीय ऑर्केस्ट्राचा ठरलेला साचा मोडून झिमरने कुठल्याच मुलखाचा नसलेला आवाज घडवला. आणि आपण त्याला दाढी चिकटवतो.

अस्सल अरबी ऐवज होता तो फ्रँक हर्बर्टच्या १९६५च्या कादंबरीत. पडद्यावर 'महदी' राहिला, 'लिसान अल-गैब' राहिला, 'जिहाद' तेवढा गेला. त्याचं 'होली वॉर' झालं. गूढ वाटतं ते ठेवलं, अडचणीचं वाटलं ते गाळलं. खरं तर कादंबरीत या शब्दाची सर्वात जास्त धास्ती खुद्द नायकालाच आहे: आपल्या नावाने माणसं कापली जातील म्हणून.