निळा ठिपका

आमची सासुरवाडी वरठीची. पण रेल्वेच्या वेळापत्रकात वरठी शोधाल तर सापडायचे नाही. गाव वरठी, स्टेशन मात्र 'भंडारा रोड', आणि खुद्द भंडारा तिथून काही मैल दूर! पहिल्या दिवाळसणाला ती पाटी वाचून मी पुन्हा गाडीत चढायला निघालो होतो. ही हकीकत अजून दर दिवाळीला फराळाबरोबर वाढली जाते.

आमचे सासरे, म्हणजे मामाजी, रेल्वेत मालबाबू होते. त्यांच्या काळी वाघिणीच्या अंगावर पुठ्ठ्याची चिठ्ठी अडकवलेली असे. पावसात ती भिजली, की वाघीण कुठल्या सायडिंगला जाऊन पडेल याचा नेम नसे. मग तारांवर तारा! पुढे संगणक आला, आणि वाघिणीच्या अकरा आकडी नंबरावरून ती कुठे आहे हे बसल्या जागी कळू लागले. मामाजींना त्या नंबराचे भारी कौतुक. पाचवा-सहावा आकडा तिचे जन्मसाल, आणि शेवटचा आधीच्या दहांवर पहारेकरी. एक आकडा चुकीचा लिहिला, की चोरी पकडलीच!

मेहुण्याने मात्र रेल्वेऐवजी ट्रक धरले. दोनच, पण थाट विचारू नका. ट्रकने टोलनाका ओलांडला, की फास्टॅगमधून पैसे कापल्याचा संदेश वरठीत वाजतो. २०१८ च्या एप्रिलपासून पन्नास हजारांवरच्या मालाला ई-वे बिल आले, तेही हा फोनवरच काढतो. अन् नकाशावर ट्रकचा एक निळा ठिपका. जेवताना याची एक नजर भातावर, दुसरी ठिपक्यावर!

गेल्या वर्षी धनत्रयोदशीच्या दोन दिवस आधी तो ठिपका मूर्तिजापूरजवळ थबकला. ट्रकमध्ये भंडाऱ्याच्या पितळी भांड्यांच्या पेट्या होत्या. पुण्याच्या दुकानदाराला त्या धनत्रयोदशीच्या आत हव्या होत्या; नंतर त्या भांड्यांना कोण विचारतो? मेहुण्याने फोन लावला. "गाडी काहून थांबली? चार तास झाले, मला इथं दिसून राहिलं!"

पलीकडून ड्रायव्हर म्हणाला, "भाऊ, गाडी दिसून राहिली ना तुम्हाले? मंग मी सकाळपासून उपाशी आहो, थे नाही दिसत काय?"

मेहुणा गप्प. मामाजींनी फोन हातातून घेतला. "जवळ ढाबा आहे काय? आधी जेव. ढाबेवाल्याचं अन् माझं बोलणं करून दे."

इंजिनाचा भाग अकोल्याहून यायचा होता आणि मेकॅनिक सणाला गावी गेलेला. ट्रक मिळवून देणारी सारी ॲपे मेहुण्याने पालथी घातली. ट्रक दिला शेवटी त्या ढाबेवाल्याने. पुण्याकडे रिकामा निघालेला कुणी त्याच्याकडे चहा पीत होता. पण एवढ्याने भागत नाही. बिलावर जुन्या ट्रकचा नंबर असताना माल नव्या ट्रकात सापडला, तर दंड ठरलेला. आमच्या मेहुण्याने ओट्यावर बसून दोन मिनिटांत नवा नंबर भरला. मामाजी चष्मा वर करून पाहत राहिले. त्यांच्या वेळी एवढ्यासाठी तीन शिक्के आणि आठवडा लागला असता, असे ते स्वतःच बोलले. मुलाचे कौतुक त्यांच्या तोंडून ऐकण्याची माझी ही पहिलीच वेळ!

पेट्या वेळेवर पोहोचल्या. ड्रायव्हरला मात्र बंद ट्रकची राखण करीत तिथेच राहणे भाग पडले.

धनत्रयोदशीच्या संध्याकाळी मामाजी, मेहुणा आणि मी फराळाचा डबा घेऊन त्याच्या घरी गेलो. घर स्टेशनमागेच. अंगणात पणती होती, आणि पाच वर्षांची मुलगी फुलबाजीचे खोके न उघडता मांडीवर घेऊन बसली होती. मेहुण्याने फोन पुढे केला. "हे बघ, तुझे बाबा इथं आहेत."

तिने ठिपक्यावर बोट ठेवले. नकाशा मोठा झाला. ठिपका होता तिथेच राहिला.

"बाबा हालून काहून नाही राहिले?"

मेहुण्याने घाईने फोन लावून दिला. फुलबाजी आता लावायची की बाबा आल्यावर, यावर बापलेकीचे बोलणे बराच वेळ चालले. बॅटरी संपली तेव्हा कुठे तिने फोन परत दिला.