जन्मदर घटला, तर पोटात का दुखतं?

मुंबई-ठाणे-पुण्यात मुलं कमी जन्माला येताहेत म्हणून सध्या मोठी हाकाटी चालू आहे. आकडे खरे आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) महाराष्ट्राच्या शहरी भागात एका स्त्रीमागे सरासरी १.५ मुलं आहेत, तर ग्रामीण भागात १.९. लोकसंख्या टिकायला २.१ लागतात. डिसेंबर २०२४ मध्ये नागपुरात सरसंघचालक मोहन भागवत यांनी तीन मुलांचा सल्लाही देऊन टाकला.

गंमत बघा! याच महाराष्ट्रात २००५ च्या नियमांनुसार दोनपेक्षा जास्त मुलं असतील तर सरकारी नोकरी मिळत नाही. तिसरं मूल झालं की ग्रामपंचायतीचं सदस्यत्वही जातं. म्हणजे सल्ला तिसऱ्याचा आणि शिक्षाही तिसऱ्याचीच. दोन्हीकडे बाईला विचारलं कुणी?

आपल्यातले काहीजणही आता घाबरलेत. याच सर्वेक्षणात बौद्धांचा दर १.३९ आहे, देशातल्या प्रमुख धर्मीयांत सर्वांत कमी. "आपली मतं घटतील, मुलं वाढवा" अशी भाषा सुरू झाली आहे. मित्रांनो, ही भाषा आपली नाही. मुलींना शिकवलं, त्याचं हे फळ आहे. डोकी मोजून राजकारण करणाऱ्यांच्या रांगेत आपण कशाला उभं राहायचं?

बाबासाहेबांची भूमिका स्पष्ट होती. १० नोव्हेंबर १९३८ रोजी स्वतंत्र मजूर पक्षाचे पी. जे. रोहम यांनी मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव मांडला. भाषण बाबासाहेबांनी तयार केलेलं होतं. बाळंतपणाच्या कळा पुरुषांना सोसाव्या लागल्या असत्या, तर एकाहून जास्त मुलाला कुणी तयार झाला नसता, असं त्यात ठणकावलं होतं. ठराव ११ विरुद्ध ५२ मतांनी पडला. आजही देशात शंभर विवाहित स्त्रियांमागे जवळपास ३८ जणींची नसबंदी झालेली आहे. पुरुष नसबंदीचं प्रमाण मात्र ०.३ टक्के!

पण गोष्ट इथे संपत नाही. त्याआधी दहा वर्षं, १९२८ मध्ये, याच बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा दिला होता. या खर्चाचा मोठा भार सरकारने उचलावा, असंही त्यांनी म्हटलं होतं. मूल नको असेल तर नाकारण्याचा हक्क, आणि हवं असेल तर पोटावर पाय न येता ते वाढवण्याचा हक्क. या दोन्ही गोष्टी मिळून आंबेडकरी भूमिका होते.

म्हणून आनंद मानून गप्प बसणंही चुकीचं. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं, कंत्राटी नोकरी, खासगी शाळेची फी. अशा वेळी जोडपं "एकच पुरे" म्हणतं, तेव्हा ती निवड असते की नाइलाज? सव्वीस आठवड्यांची प्रसूती रजा कायद्यात आहे, पण धुणीभांडी करणाऱ्या बाईला ती कोण देतो? रस्ता झाडणारी कंत्राटी कामगार बाळाला कुठे ठेवते?

ज्यांना जन्मदराची एवढी काळजी आहे, त्यांनी प्रत्येक वस्तीत पाळणाघर काढावं, कंत्राटी बायांना पगारी रजा द्यावी, पालिकेच्या शाळा वाचवाव्यात, दोन मुलांची अट रद्द करावी. हे करायचं नसेल, तर बाईच्या कुशीवर भाषणं ठोकू नयेत.

जय भीम!