दिवाणखान्यातील पिठोरा

कारेलीबागेतल्या नव्या सदनिकांच्या वास्तुशांतीस गेलो की अलीकडे एक दृश्य हटकून दिसते. दिवाणखान्याच्या मुख्य भिंतीवर रंगीत घोड्यांची रांग असलेला छापील कागद डकवलेला असतो. यजमान कौतुकाने सांगतात, "हा पिठोरा. आदिवासी संस्कृतीचा गौरव म्हणून मुद्दाम लावला." कोणी लिहिला, असे आम्ही विचारतो. यजमान दुकानाचे नाव सांगतात.

ह्या गौरवाविषयी आम्हांस थोडे कठोर बोलावयाचे आहे.

पिठोरा ही शोभेची वस्तू नव्हे. तो फेडलेला नवस आहे. येथून सुमारे शंभर किलोमीटरांवर छोटाउदेपूरकडे राठवा कुटुंबात आजारपण आले, गुरे दगावली, पीक बुडाले की पिठोराबाबास नवस बोलतात. तो फेडावयाचा तर ओसरीची मुख्य भिंत व तिच्या लगतच्या दोन भिंती कुमारिका शेणाने व पांढऱ्या मातीने सारवतात. रंग दुधात व मोहाच्या दारूत कालवतात. लखारे ती भिंत 'लिहितात'. चितारतात असे तेथे कोणी म्हणत नाही. अंगात आलेला बडवा शेवटी एकेक आकृती तपासून देव ओळखतो आणि चुकले असेल ते दुरुस्त करवितो. पिठोराच्या लग्नाच्या त्या वरातीत गणेशही असतो. मग बोकड पडतो, गाव जेवते. आमच्या यजमानांस घोडे हवे आहेत. मोहाची दारू व बोकड नको. नको तर नको, पण मग गौरव नेमका कशाचा चालला आहे?

श्रावण अमावास्येस पिठोरीचे व्रत करणाऱ्या आणि देवघरात जिवतीचा कागद लावणाऱ्या वाचकांस हे समजावण्याची पाळी येऊ नये. जिवतीचा तो कागद उद्या कोणी पायपुसण्यावर छापला, तर आपल्या देवस्थानच्या सभेत किती ठराव होतील! मग वारल्यांच्या लग्नचौकातील पालघाट देवीचे काय? ती लिहिल्यावाचून वारली लग्न लागत नाही. आणि आम्ही तिचा चौक चहाच्या पेल्यावर छापतो.

गोमंतकीय वाचकांनी येथे हसू नये. चुन्याच्या भिंतीवर तांबड्या मातीने कोरलेली कावी ही तर आपल्याच देवळांची कला. तिच्यापैकी कितीतरी जीर्णोद्धाराच्या उत्साहात तैलरंगाखाली गेली. ती कोणा परक्याने नेली नाही.

कायदा काय म्हणतो, असे आम्हांस विचारतात. कायदा ह्या बाबतीत तोकडा आहे. १९५७ चा लेखाधिकार कायदा कर्ता शोधतो, आणि त्याच्या हयातीनंतर साठ वर्षे मोजतो. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या घोड्यास कर्ता कोठून आणावा? १९९९ च्या भौगोलिक निर्देशांच्या कायद्याखाली 'वारली' ह्या नावाची नोंद झाली आहे. पण तो कायदा नाव राखतो, रेघ राखीत नाही. नाव न घेता तीच माणसे छापणारा सहज निसटतो. मात्र हयात लखाऱ्याने कापडावर स्वतः लिहिलेला पिठोरा त्याचा स्वतःचा आहे. त्याचे छायाचित्र घेऊन विनापरवाना भिंतकागद छापणे ही सरळ चोरी आहे, आणि तो कागद विकत घेणारा गृहस्थ त्या चोरीचे गिऱ्हाईक आहे. ऑस्ट्रेलियात तेथील आदिवासी चित्रकारांची पवित्र चित्रे व्हिएतनाममध्ये गालिच्यांवर उतरवून एका कंपनीने विकावयास आणली. ज्यावर पाय द्यावयाचा त्या गालिच्यांवर! १९९४ साली तेथील न्यायालयाने भरपाई देवविली, आणि आपल्या समाजात त्या कलावंतांची जी मानहानी झाली तिचेही मोल धरले. आपल्याकडे असा दावा कोण लढवणार?

आदिवासी स्वतःच कापडावर लिहून विकतात, मग तुम्ही कोण अडवणारे, हा आक्षेप मात्र वजनदार आहे. आम्ही अडवीत नाही. जिव्या सोमा मशे ह्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, परेश राठवा ह्यांना २०२३ साली. नवसाबाहेर काय लिहावे व कोणास विकावे हे ठरविण्याचा अधिकार त्यांच्यासारख्यांचाच. तेजगढची आदिवासी अकादमी कारेलीबागेपासून दोन-अडीच तासांच्या वाटेवर आहे. तेथे जावे, लखाऱ्यास भेटावे, त्याने सांगितलेली किंमत घासाघीस न करता द्यावी आणि त्याचे नाव चित्राखाली लिहावे. सोफ्याला आपण जेवढे मोजतो, त्याहून हे महाग पडणार नाही.

परंतु आमचा खरा आक्षेप भिंतीपुरता नाही. मागे एक घरमालक भाडेकरार करून घेण्यासाठी आमच्याकडे आले. भाडेकरू छोटाउदेपूरकडील तरुण शिक्षक. कागदपत्रे चोख, अनामत रक्कम तयार. मसुद्यात 'राठवा' हे आडनाव वाचताच गृहस्थ चुळबुळू लागले. ते म्हणाले, "वकीलसाहेब, एखादे कलम घाला ना, ज्याने तो स्वतःच नको म्हणेल." असे कलम आम्ही घालत नाही, एवढे सांगून आम्ही मसुदा त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी तो घडी करून खिशात घातला आणि दुसऱ्या वकिलाकडे गेले. त्यांच्या वास्तुशांतीस आम्ही जेवलो होतो. भिंतीवर पाच फुटी पिठोरा होता.