अमेरिकेतली घरगुती गोळी आणि कोकणातलं रानडुक्कर: व्हिडिओ बघून प्रेस मागवण्याआधी हे वाचा

मोबाईलवर एकदा शिकारीचा किंवा बंदुकीचा व्हिडिओ बघितला की पुढचे आठ दिवस तेच समोर येत राहतं. त्यातलाच एक प्रकार सध्या आपल्याकडच्या पोरांच्या मोबाईलवर बराच दिसतो. अमेरिकेतला एखादा म्हातारा आपल्या गॅरेजमध्ये शिसं वितळवतो, साच्यात ओततो आणि टेबलाला उलटी बसवलेली लोखंडी प्रेस दाबून टकाटक गोळ्या काढतो. खाली डबा भरत जातो. बघायला मजा येते, यात वाद नाही.

पण खालच्या प्रतिक्रियांमध्ये मराठीतून प्रश्न येतात, "ही मशीन इथे कुठे मिळेल?" आणि ज्याच्या भाताच्या शेतात काल रात्री डुकरांचा कळप लोळून गेलाय, त्याने असा प्रश्न विचारला तर तो चेष्टेवारी नेता येत नाही. म्हणून ही मशीन काय आहे, तिथे चालतं ते इथे का चालत नाही, आणि आपल्या शेतकऱ्याला त्यातून खरंच काही मिळतं का, हे नीट बघू.

प्रेस उलटी का बसवतात?

साच्यातून निघालेली शिशाची गोळी कधीच अचूक मापाची नसते. ती किंचित जाड येते. बंदुकीच्या नळीच्या मापाला ती बसावी म्हणून पोलादी साच्याच्या भोकातून तिला दाबून पार करतात. यालाच ते साइझिंग म्हणतात. इथे फरक असतो एक-दोन हजारांश इंचाचा, म्हणजे साधारण माणसाच्या केसाच्या जाडीएवढा. साध्या प्रेसमध्ये गोळी खालून वर ढकलली जाते आणि वरच्या बाटलीत जमा होते. प्रेस उलटी केली की साच्याचं तोंड वर येतं, गोळी त्यावर नुसती ठेवायची, दांडा ओढायचा, गोळी खाली डब्यात पडते. हात कमी चालतो, काम भराभर होतं. प्रेस पक्की बसलेली नसली किंवा दांडा आणि साचा एका रेषेत नसले तर गोळी एका बाजूने खरवडली जाते, म्हणून ते लोक बसवणुकीवर तासन् तास बोलतात.

आता मुद्द्याची गोष्ट. एवढी अचूकता लागते कशाला? तर रायफल आणि पिस्तुलाच्या नळीत आतून स्क्रूसारखे आटे असतात. गोळी त्या आट्यांत घट्ट बसून फिरत बाहेर पडते, म्हणून सरळ जाते. गोळी ढिली असेल तर नळीत शिसं साचतं आणि नेम चुकतो.

आपल्याकडे शेतीसंरक्षणासाठी जी बंदूक मिळते ती ठासणीची किंवा काडतुसाची, आणि तिची नळी आतून गुळगुळीत असते. आटेच नाहीत. म्हणजे ज्या कामासाठी ती मशीन बनलीय, ते काम आपल्या बंदुकीत नाहीच! ठासणीत छर्रे भरतात, काडतूस तर तयारच येतं. कायद्याचं नंतर बघू, पण नुसता व्यवहार बघितला तरी तो खर्च वाया आहे.

तिकडे चालतं, इकडे का नाही?

अमेरिकेत १९६८ च्या बंदूक कायद्यानुसार स्वतःच्या वापरासाठी गोळ्या बनवायला केंद्रीय परवाना लागत नाही. विकायला बनवल्या तर लागतो. त्यामुळे तिथे हा कित्येकांचा छंद आहे, आणि काटकसरही. २०१२ च्या डिसेंबरात सँडी हूक शाळेत गोळीबार झाला, बंदुकीचे कायदे कडक होणार अशी भीती पसरली आणि पुढच्या वर्षी दुकानांतली काडतुसं संपली. कोरोनाच्या काळात २०२०-२१ मध्ये पुन्हा तेच झालं. अशा प्रत्येक टंचाईनंतर घरी गोळी ओतणारे वाढतात. शिसं कुठून? जुन्या गाड्यांच्या चाकाला तोल साधायला लावलेल्या शिशाच्या पट्ट्या वितळवून. आता तिथल्या काही राज्यांनी त्या पट्ट्यांवरही बंदी आणली आहे, म्हणून भंगारातलं शिसंही त्यांना पूर्वीसारखं सहज मिळत नाही.

हे सगळं त्यांच्या कायद्यात बसतं. आपला शस्त्र कायदा १९५९ चा. त्याचं कलम ५ म्हणतं की बंदूक किंवा दारूगोळा बनवायला, विकायला, दुरुस्त करायलासुद्धा परवाना लागतो. नुसता बंदूक बाळगायचा परवाना त्याला पुरत नाही, हे लक्षात घ्या. बंदूक बाळगण्याचा परवाना वेगळा आणि बनवण्याचा वेगळा. आजोबांच्या नावावर परवाना आहे म्हणून नातवाने मांगरात बसून काडतुसं भरली तर तो परवाना त्याला वाचवत नाही.

आणि शिक्षा? २०१९ साली कायद्यात दुरुस्ती झाली. परवान्याशिवाय बनवण्याच्या गुन्ह्याला आधी किमान तीन वर्षं होती, ती किमान सात वर्षं झाली, आणि जास्तीत जास्त जन्मठेप. किमान सात म्हणजे न्यायाधीशाच्या मनात दया आली तरी साधारणपणे त्याच्या खाली उतरता येत नाही. विनापरवाना बाळगण्याला साध्या बंदुकीच्या बाबतीत किमान दोन आणि जास्तीत जास्त पाच वर्षं.

कोणी म्हणेल, नुसती शिशाची गोळी म्हणजे दारूगोळा कसा? तिच्यात दारू कुठे आहे? प्रश्न बरोबर आहे. कायद्याच्या व्याख्येत दारूगोळ्याच्या भागांचाही उल्लेख आहे, आणि नुसती ओतलेली गोळी त्यात कितपत बसते यावर वकील कोर्टात वाद घालू शकतील. पण तो वाद होईपर्यंत पोरगा आत असतो, गुन्हा अजामीनपात्र असतो आणि घरची माणसं तालुक्याच्या कोर्टात तारखा मोजत असतात. शिवाय नुसती गोळी कोणी ठेवायला ओतत नाही. पुढे दारू लागते, टोपी लागते, रिकामं काडतूस लागतं. त्यातली एकेक वस्तू जमवताना गुन्हा वाढत जातो.

गावठी बॉम्बचंही तेच. पिठाच्या गोळ्यात दारू भरून डुकरासाठी ठेवलेला बॉम्ब गाय चावते, कुत्रं चावतं, कधी माणसाच्या पायाखाली येतो. त्याला १९०८ चा स्फोटक पदार्थ कायदा लागतो. कुंपणात सोडलेला वीजप्रवाह तर घरच्याच माणसाचा जीव घेतो.

शिसं घरात आणू नका

कायदा बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते, आणि ती आपल्या किनारपट्टीला जास्त लागू आहे. पागेराला आणि जाळ्याला शिशाचे मणी लावतात. ते घरीच ओतणारी माणसं आपल्याकडे आहेत. तो काही गुन्हा नाही. पण शिसं ते शिसंच.

शिसं साधारण ३२७ अंशाला वितळतं, म्हणजे चुलीवरही वितळतं. लोक धुराला घाबरतात, पण खरी भीती वर तरंगणाऱ्या राखाडी मळीची आणि तिच्या धुळीची. ती हाताला लागते, कपड्यावर बसते, अंगणात पडते आणि रांगणाऱ्या मुलाच्या तोंडात जाते. मुलांच्या मेंदूवर शिशाचा परिणाम होतो आणि गेलेलं परत येत नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते की शिशाचं सुरक्षित असं प्रमाणच नाही. अमेरिकेतले जाणते ओतारी स्वयंपाकाचं भांडं यासाठी कधी वापरत नाहीत, उघड्या हवेत काम करतात, हात आणि कपडे वेगळे धुतात. व्हिडिओत ते पाच सेकंद दिसतं, किंवा दिसतही नाही.

अजून दोन गोष्टी. वितळलेल्या शिशात पाण्याचा थेंब पडला तर शिसं स्फोटासारखं उडतं, आणि आपल्याकडे चार महिने सगळंच ओलं असतं. दुसरं म्हणजे जुनी बॅटरी फोडून शिसं काढणं. तिकडचे अनुभवी लोकही बॅटरीच्या शिशाला हात लावत नाहीत, कारण त्यातल्या मळीला ओल लागली की विषारी वायू सुटू शकतो. इथे मात्र भंगारात सगळ्यात सोपं मिळतं ते बॅटरीचंच.

शिशाच्या गोळीवर खुद्द अमेरिकेतही वाद आहे. मेलेल्या जनावराच्या मांसातले शिशाचे कण खाऊन तिथलं काँडॉर नावाचं मोठं गिधाड मरत होतं, म्हणून कॅलिफोर्नियाने १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाची गोळी पूर्ण बंद केली. युरोपीय संघानेही २०२३ पासून पाणथळ जागांवर शिशाचे छर्रे बंद केले. म्हणजे आपण ज्याची नक्कल करायला निघालोय, ते तिथेही हळूहळू आखडत चाललंय.

मग शेतकऱ्याने करायचं काय?

इथे सरकारी यंत्रणेला चार शब्द सुनवायलाच हवेत. माणूस बेकायदा गोळीकडे हौसेने वळत नाही. रात्रभर राखण करून सकाळी भात आडवं झालेलं दिसतं, पंचनाम्याला कोणी वेळेवर येत नाही, परवान्याचा अर्ज टेबलावर पडून राहतो, आणि निवडणूक लागली की असलेली बंदूकही ठाण्यात जमा करा असा निरोप येतो. खरं तर निवडणूक काळात कोणाची बंदूक जमा करायची हे छाननी समितीने एकेक परवाना बघून ठरवायचं असतं. सरसकट सगळ्यांच्या बंदुका उचलणं हा सोयीचा मार्ग आहे, नियमाचा नाही.

तरीही कायद्यात शेतकऱ्यासाठी दार आहे, आणि ते बऱ्याच जणांना माहीत नाही. शस्त्र कायद्याच्या कलम १३ मध्ये स्पष्ट लिहिलंय की खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना द्यावा, आणि ठासणीची पुरेशी नाही असं अधिकाऱ्याला पटलं तर गुळगुळीत नळीच्या दुसऱ्या बंदुकीचाही देता येतो. अर्ज नाकारला तर कारण लेखी नोंदवावं लागतं, अर्जदाराने मागितल्यास ते सहसा द्यावं लागतं, आणि त्यावर अपील करता येतं. तोंडी "होणार नाही" ऐकून घरी येऊ नका. परवान्याची मुदत २०१९ पासून तीनऐवजी पाच वर्षांची झालीय. आणि घरातल्या वडीलधाऱ्याच्या नावावर बंदूक असेल तर २०१६ च्या नियमांनुसार त्यांचं वय सत्तर झाल्यावर, किंवा बंदूक पंचवीस वर्षं बाळगल्यावर, वारसाच्या नावावर परवाना मागता येतो. म्हातारा गेल्यावर माळ्यावर पडून राहिलेली बंदूक म्हणजे घरातल्या सगळ्यांच्या मानेवर टांगलेला गुन्हा आहे.

पण बंदुकीचा परवाना म्हणजे डुक्कर मारायचा परवाना नव्हे. इथेच बरेच जण फसतात. रानडुक्कर वन्यजीव कायद्याच्या अनुसूची २ मध्ये आहे. उभ्या पिकाला धोका झाला तर कलम ११ खाली वनखात्याचा अधिकृत अधिकारी लेखी आदेशाने मारायची परवानगी देऊ शकतो. तो कागद हातात असायला हवा. आणि परवानगीने मारलेलं डुक्करही सरकारची मालमत्ता ठरतं, त्याचं मटण वाटून घेतलं की नवीन गुन्हा. गवा आणि तिलारी खोऱ्यातले हत्ती अनुसूची १ मध्ये आहेत. त्यांच्या बाबतीत पीक खाल्लं हे कारण कायद्याला पुरत नाही, माणसाच्या जिवाला धोका किंवा जनावर बरं न होणाऱ्या दुखापतीचं, आजाराचं असावं लागतं. त्यामुळे गव्यावर बार काढणाऱ्याची सुटका अवघड.

दुसरा मार्ग पैशाचा. वनखात्याची नुकसानभरपाई आहेच, अर्ज लगेच द्यायचा आणि पोच घ्यायची. याशिवाय केंद्राने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केलं की खरीप २०२६ पासून पंतप्रधान पीकविमा योजनेत वन्यप्राण्यांनी केलेलं नुकसानही जादा संरक्षण म्हणून घेता येईल. त्यासाठी नुकसान झाल्यापासून ७२ तासांत पीकविमा ॲपवर ठिकाणाची नोंद असलेले फोटो टाकायचे आहेत. कुठले प्राणी धरायचे आणि कुठले भाग, याची यादी राज्याने काढायची आहे.

आपल्या दृष्टीने खरी लढाई त्या यादीवर आहे. त्यात रानडुकराबरोबर गवा, माकड आणि हत्ती येतात का, डोंगराकडेच्या सगळ्या महसूल मंडळांचा समावेश होतो का, हे ग्रामसभेच्या ठरावातून आणि कृषी कार्यालयात लेखी विचारायला हवं. आणि ज्या वाड्यांत रेंजच मिळत नाही, तिथल्या शेतकऱ्याने ७२ तासांत फोटो टाकायचा कसा, हेही त्याच अर्जात विचारा.