टीआरपीच्या मीटरला आमची वस्ती दिसत नाही

‘लोकांना हेच हवे असते, म्हणून आम्ही हेच दाखवतो’, हे मराठी वाहिन्यांचे ठरलेले उत्तर आहे. सासूने सुनेविरुद्ध कोणता डाव रचला, मंगळसूत्र कोणी लपवले, बिग बॉसच्या घरात कोण कोणाच्या अंगावर धावून गेले, यावर महिनोन्महिने दळण चालते. हरकत नाही, आम्हीही पाहतो. बोईसरच्या भाड्याच्या खोल्यांवरून संध्याकाळी चालत गेलात तर दारादारातून मालिकांचेच संवाद ऐकू येतात. फर्स्ट शिफ्ट करून आलेला कामगार चहा पिता पिता त्या सुनेची बाजू घेऊन भांडतो. राबणाऱ्या माणसाला करमणूक हवीच. आमचा सवाल वेगळा आहे. ‘लोक’ म्हणजे नेमके कोण, आणि त्यांना मोजले कोणी?

१८ मे २०१९ रोजी, बुद्धपौर्णिमेला, स्टार प्रवाहवर बाबासाहेबांची मालिका सुरू झाली. सागर देशमुख यांचे बाबासाहेब आणि शिवानी रांगोळे यांची रमाई वस्तीवस्तीत पोहोचली. आम्ही त्या मालिकेचे चाहते आहोत, हे सांगायला संकोच कसला? पार्श्वसंगीत गरजेपेक्षा जास्त रडत होते, हे खरे. पण ज्या पडद्यावर वर्षानुवर्षे देवघर आणि हळदीकुंकूच दिसले, तिथे बाबासाहेब रोज रात्री येऊ लागले. आदर्श शिंदे यांच्या आवाजातले शीर्षकगीत जयंतीच्या मिरवणुकीत आजही वाजते. ही मालिका ऑक्टोबर २०२० मध्ये संपली.

ज्या ‘दशमी’ संस्थेने ती काढली, तिनेच जानेवारी २०२० मध्ये सोनी मराठीवर ‘सावित्रीजोती’ आणली. ओंकार गोवर्धन जोतीराव, अश्विनी कासार सावित्रीमाई. तिला वर्षसुद्धा पुरे करता आले नाही. ३ जानेवारीची जयंती तोंडावर आली असताना डिसेंबर २०२० मध्ये ती गुंडाळली गेली. कारण सांगितले गेले ते एकच, टीआरपी मिळत नाही!

हा टीआरपी येतो कुठून? बार्क नावाची संस्था काही निवडक घरांतील टीव्हीला मीटर जोडते. २०२० मध्ये देशात टीव्ही असलेली घरे सुमारे २१ कोटी आणि मीटर सुमारे ४४ हजार. म्हणजे पावणेपाच हजार घरांमागे एक मीटर. कोणाच्या घरात ते आहे हे गुप्त ठेवतात, तरी मीटरच्या घरांना पैसे देऊन ठरावीक वाहिन्या लावायला सांगितल्याचा आरोप मुंबई पोलिसांनी ऑक्टोबर २०२० मध्येच केला होता. पुढे तो खटला मागे घेण्यात आला, ते जाऊ द्या. पण ‘सावित्रीजोती’ला बुडवणारा आकडा याच मोजपट्टीचा होता.

आता तारापूर एमआयडीसीतला कामगार घ्या. एका आठवड्यात फर्स्ट, दुसऱ्यात सेकंड, तिसऱ्यात नाईट. मालिकेच्या वेळेला तो रिअ‍ॅक्टरपाशी उभा असतो. घरी आल्यावर किंवा कंपनीच्या बसमध्ये तो तोच भाग मोबाईलवर पाहतो. एका खोलीत चार-पाच जण राहतात, त्यांच्याकडे टीव्हीच नसतो, मोबाईल मात्र प्रत्येकाकडे असतो. मोबाईलवर पाहिलेले टीआरपीच्या मीटरला कळत नाही. विदर्भ-मराठवाड्यातून पोटासाठी इथे आलेले आमचे बांधव, डहाणू लोकलने ये-जा करणाऱ्या बाया, पाड्यावरची वारली पोरे, ही सगळी माणसे पाहतात, हसतात, रडतात. पण हिशेबात नाहीत.

जो हिशेबात नसतो, तो पडद्यावर येतो तो फक्त बातमीच्या वेळी. १६ एप्रिल २०२० रोजी गडचिंचले येथे जमावाने दोन साधू आणि त्यांच्या चालकाला ठार मारले. ती घटना निंद्यच. पण हिंदी-इंग्रजी वाहिन्यांनी तिला धर्माचा रंग देऊन पुढे तिची करमणूकच केली. अटक झालेल्या १०१ जणांत एकही मुस्लिम नाही, हे गृहमंत्र्यांना नावांची यादी जाहीर करून सांगावे लागले. त्याच पाड्यांवर रस्ता नाही म्हणून बाळंतिणीला डोलीतून नेतात, तेव्हा किती कॅमेरे येतात?

छोट्या पडद्यावर मीटर, तर मोठ्या पडद्यावर कात्री. अनंत महादेवन यांचा ‘फुले’ हा हिंदी चित्रपट ११ एप्रिल २०२५ रोजी, जोतीरावांच्या जयंतीला येणार होता. काही ब्राह्मण संघटनांच्या भावना दुखावल्या आणि तो २५ एप्रिलवर गेला. सेन्सॉर बोर्डाने ‘महार’, ‘मांग’, ‘पेशवाई’ हे शब्द आणि मनूच्या जातिव्यवस्थेचा उल्लेख काढायला लावला. आम्ही विचारतो, फुल्यांच्या शाळेतली मुक्ता साळवे आठवते का? चौदा वर्षांच्या या मातंग मुलीचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. विषय होता मांग-महारांचे दुःख. महार आणि मांग हे शब्दच काढायचे तर मुक्ताचा निबंध छापायचा कसा? इंग्रजी अमदानीत एका शाळकरी मुलीला जे लिहिता आले, ते प्रजासत्ताकाच्या पंचाहत्तरीत चित्रपटाला म्हणता येऊ नये!

त्याच २५ एप्रिलला बिग बॉस मराठी जिंकलेल्या सूरज चव्हाणचा ‘झापुक झुपूक’ही आला. मोढवे गावचा गरीब घरातला पोरगा नायक झाला, याचा आम्हाला आनंदच आहे. पण त्याच आठवड्यात ‘फुले’साठी आपल्यापैकी किती जणांनी तिकीट काढले? सेन्सॉरविरुद्ध मोबाईलवर चार ओळी टाकल्या आणि शुक्रवारी घरी बसलो, असे किती? वाहिनीला शिव्या द्यायला आपण पुढे, पण ‘सावित्रीजोती’ चालू असताना रिमोट कुठे होता, हे आपल्याच घरात विचारायला हवे. मीटर खोटे असेल, रिमोट तर आपलाच होता ना?

भीमराव कर्डकांचा जलसा कोणत्या मीटरने मोजला होता? वामनदादा खेड्यापाड्यांत गात फिरले, तेव्हा जाहिरातदार कोण होता? लोक कंदील घेऊन यायचे आणि रात्र रात्र बसायचे. आज आपल्या मंडळांकडे कंदिलाऐवजी एलईडी पडदे आहेत. बोईसर, पालघर, तारापूर येथे १४ एप्रिलसाठी जमणाऱ्या वर्गणीचा मोठा वाटा डीजेवाला घेऊन जातो. त्यातली एक रात्र कमी करा. निर्मात्यांची रीतसर परवानगी घेऊन विहारासमोर ‘फुले’ दाखवा, किंवा संदीप कुलकर्णी यांचा ‘सत्यशोधक’ दाखवा. वेळ सेकंड शिफ्ट सुटल्यानंतरची ठेवा. किती माणसे बसली ते मोजा आणि मंडळाच्या लेटरहेडवर तो आकडा बार्कला आणि मराठी वाहिन्यांना स्पीड पोस्टाने पाठवा. चित्रपट सुरू होण्याआधी मुक्ताचा निबंध वाचायला चौदा वर्षांची मुलगी वस्तीतच मिळेल. सेन्सॉरने कापलेले शब्द तिला मोठ्याने वाचू द्या.