घरचे भांडवल : संगणक जुळवून विकण्याचा धंदा परवडतो काय?

या महिन्याच्या टपालातून इंदूरच्या एका भगिनींचे पत्र मुद्दाम बाजूला काढून ठेवले होते. त्या एका शाळेच्या कचेरीतून गेल्या वर्षी सेवानिवृत्त झाल्या. त्यांच्या चिरंजीवांनी इलेक्ट्रॉनिक्सची पदविका घेतली असून दोन वर्षे एका दुकानात संगणक-दुरुस्तीची नोकरी केली आहे. आता स्वतःचे दुकान थाटून प्रत्येक गिऱ्हाइकाच्या गरजेप्रमाणे संगणक जुळवून विकावेत, असा त्यांचा मानस आहे, आणि त्याकरिता आईच्या निवृत्तीच्या रकमेतून चार लाख रुपये ते मागत आहेत. ‘नाही म्हणावे तर मुलगा हिरमुसतो, हो म्हणावे तर माझ्या म्हातारपणाचा आधार जातो,’ असे बाईंनी लिहिले आहे. बडोद्याहून आणि हैदराबादेहूनही अशाच आशयाची पत्रे पूर्वी आली होती. म्हणून हे उत्तर सर्वांसाठी येथेच देत आहे.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की, संगणक जुळविणे ही आता दुर्मिळ विद्या राहिलेली नाही. १९८१ मध्ये आय.बी.एम. कंपनीने आपला पहिला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला, तो बव्हंशी सर्वत्र विकत मिळणाऱ्या सुट्या भागांतून बांधलेला होता. त्याचे अनुकरण इतरांनी केले, आणि एका कारखान्याचा मदरबोर्ड, दुसऱ्याची रॅम व तिसऱ्याचा एस.एम.पी.एस. एकाच कॅबिनेटमध्ये नांदू लागले. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, दिल्लीचे नेहरू प्लेस, बंगळूरचा एस.पी. रोड आणि चेन्नईची रिची स्ट्रीट येथील बाजारांची भरभराट याच सोयीतून झाली. पण जी सोय आपल्या मुलाला आहे, तीच शेजारच्या मुलालाही आहे. आणि गिऱ्हाईक तर आज हातातल्या फोनवर प्रत्येक भागाची किंमत पाहूनच दुकानाची पायरी चढते! मग विकणाऱ्याने नफा ठेवावा तरी किती?

उदाहरणादाखल एक हिशेब मांडून पाहू. आकडे कल्पित आहेत, चिरंजीवांनी आपल्या गावचे भाव घालून तो पुन्हा करावा. समजा, एका यंत्राचे सुटे भाग घाऊक व्यापाऱ्याकडून ५०,००० रुपयांना मिळाले आणि त्यांवर १८ टक्के वस्तू व सेवा कर पडला. जुळलेले यंत्र ५३,००० रुपये अधिक कर या भावाने विकले. कराची वजावट मिळते असे धरले तर हाती राहिले ३,००० रुपये. महिन्याकाठी पंधरा यंत्रे खपली तर ४५,००० रुपये होतात. आता दुकानभाडे १५,०००, मदतनिसाचा पगार १२,०००, वीज व इंटरनेट ३,००० आणि ने-आण, नादुरुस्त निघालेले भाग वगैरे ४,००० असे ३४,००० रुपये त्यातून वजा करा. उरतात ११,००० रुपये. हे पंधरा यंत्रे खपली तर! याउलट, दुकान व मदतनीस न घेता घरूनच महिन्याला सहाच यंत्रे केली, तर १८,००० रुपये मिळतात आणि किरकोळ खर्च ३,००० धरला तरी १५,००० उरतात. अडीचपट विक्री करून कमाई कमी, असा हा विचित्र धंदा आहे. चार लाख रुपये ज्या दुकानासाठी हवेत, ते दुकानच नफा खाणार आहे.

दुसरी गोष्ट साठ्याची. मालाने भरलेली कपाटे पाहून गिऱ्हाइकाचा विश्वास बसतो, असे नव्या दुकानदाराला वाटते. तथापि हा माल धान्यासारखा नाही; तो कपाटात बसल्या बसल्या म्हातारा होतो. २०२१ मध्ये आलेल्या इंटेलच्या एल.जी.ए. १७०० सॉकेटच्या मदरबोर्डवर २०२४ मधील एल.जी.ए. १८५१ सॉकेटचे प्रोसेसर बसत नाहीत. डी.डी.आर.४ ची रॅम डी.डी.आर.५ च्या खाचेत जात नाही. शिवाय भाव कोणत्या क्षणी कोठे जाईल याचा भरवसा नाही. २०११ मध्ये थायलंडात महापूर आला आणि हार्ड डिस्क जगभर महागल्या. २०२१ च्या सुमारास आभासी चलनाच्या मागे लागलेल्यांनी ग्राफिक्स कार्डे दुर्मिळ करून टाकली. २०२५ च्या उत्तरार्धात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड संगणक-केंद्रांची मागणी वाढली आणि रॅमचे भाव भडकले. अशा वेळी ज्यांच्याकडे साठा होता त्यांचे भाग्य उजळले हे खरे. परंतु ज्यांनी जुन्या भावाने तोंडी सौदा करून ठेवला होता, त्यांना पदरचे पैसे घालून शब्द पाळावा लागला असेल.

यावर उपाय नवा नाही. मायकेल डेल या विद्यार्थ्याने १९८४ मध्ये अमेरिकेतील ऑस्टिन येथे विद्यापीठाच्या वसतिगृहातील खोलीतून अवघ्या १,००० डॉलरांवर हाच धंदा सुरू केला. पुढे त्याची कंपनी जगात नावाजली, ती आधी गिऱ्हाइकाची मागणी नोंदवावयाची व मग यंत्र जुळवावयाचे, या शिस्तीमुळे. आपल्या चिरंजीवांनीही हीच शिस्त पाळावी. भावपत्रकावर ‘हा भाव दोन दिवसांपुरता’ असे स्पष्ट लिहावे. भागांची पूर्ण किंमत आगाऊ घ्यावी, आपला मेहनताना मात्र यंत्र सुपूर्द करताना घ्यावा. या रीतीने चालणाऱ्याला चार लाखांची गरजच पडत नाही. आणि आगाऊ रकमेचा नियम आतेभावाला व मामेभावालाही लागू असावा. नव्या दुकानाची पहिली उधारी बहुधा नात्यातच होते, आणि ती मागावयाची जबाबदारी शेवटी आईवर येऊन पडते.

आता हमीविषयी. प्रत्येक भागाची हमी वेगळ्या कंपनीची, मुदत वेगळी, सेवाकेंद्रही वेगळे. गिऱ्हाईक मात्र एकालाच ओळखते, ज्याने यंत्र जुळवून दिले त्याला. रात्री दहाला फोन येणार, आणि बिघडलेला भाग सेवाकेंद्रातून परत येईपर्यंत आठवडे लोटले तर बोल चिरंजीवांनाच ऐकावे लागणार. कायद्याची दृष्टीही लक्षात ठेवावी. सदोष वस्तूमुळे इजा वा हानी झाल्यास ज्याला जबाबदार धरावयाचे, त्या ‘उत्पादका’च्या व्याख्येत २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने इतरांनी बनविलेले भाग जुळविणाऱ्याचाही समावेश केला आहे. म्हणून चारपाचशे रुपये वाचविण्यासाठी हलका एस.एम.पी.एस. घालण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. कॅबिनेटमधील रंगीबेरंगी दिवे गेले तर यंत्र चालते, एस.एम.पी.एस. जळताना मात्र कधीकधी सोबत मदरबोर्डही घेऊन जातो.

त्याचप्रमाणे, ‘विंडोज फुकट टाकून द्या’ अशी गळ घालणारे गिऱ्हाईक हटकून भेटेल. त्यास नम्रपणे नकार द्यावा. परवान्याची किंमत बिलात वेगळी दाखवावी, आणि ती ज्यास परवडत नाही त्यास उबुंटू किंवा आपल्याच सी-डॅकने तयार केलेली बॉस ही प्रणाली घालून द्यावी. चोरीची प्रत घालून देणे हा गुन्हा आहे. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यात त्यासाठी कारावासाचीही तरतूद आहे.

कराच्या नोंदणीविषयी एक गैरसमज फार पसरला आहे. मालाच्या विक्रीला वर्षाला ४० लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही, असे सांगणारे स्नेही भेटतात. मध्य प्रदेशात ही मर्यादा आहे हे खरे, परंतु ती केवळ माल विकणाऱ्यास. जो दुरुस्तीची सेवाही देतो, त्याला सर्वसाधारणपणे २० लाखांचीच मर्यादा लागते. वरील हिशेबातील सहा यंत्रांची विक्रीदेखील वर्षाला ३८ लाखांवर जाते. शिवाय नोंदणीवाचून कराची वजावट मिळत नाही, आणि कचेऱ्या व व्यापारी गिऱ्हाइके कराचे रीतसर बिल मागतात. तेव्हा नोंदणी आरंभीच करावी. उद्यम नोंदणीही करावी; ती विनामूल्य आहे, तिच्यासाठी दलालाला पैसे देऊ नयेत.

मग या धंद्यात मिळकत आहेच कोठे? स्वस्त यंत्रांत ती नाही. तीस हजारांच्या यंत्रात लाखोंनी माल उचलणाऱ्या कंपन्यांशी कोणी स्पर्धा करू नये. तसल्या गिऱ्हाइकाने तयार लॅपटॉप घेतलेलाच बरा. मिळकत आहे ती गिऱ्हाइकाचे काम ओळखण्यात. लग्नाची चित्रफीत संपादित करणारा, वास्तुशिल्पी, छापखान्याचा अक्षरजुळणीकार, हिशेबनीस या प्रत्येकाची गरज निराळी. हिशेबनिसाला महागडे ग्राफिक्स कार्ड गळ्यात बांधू नये, आणि चित्रफीतवाल्याला ८ जीबी रॅमवर बोळवू नये. असे प्रामाणिकपणे सांगणारा मनुष्य एकदा सापडला की गिऱ्हाईक दुसरीकडे भाव विचारीत नाही, आणि वार्षिक देखभालीचा करारही त्याच्याशीच करते. जुन्या यंत्रांचे कामही मोठे आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे सर्वसाधारण साहाय्य थांबले, आणि पुष्कळ जुनी यंत्रे विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. कोणते यंत्र सुधारावयाचे, कोणते लिनक्सवर न्यावयाचे व कोणते मोडीत काढावयाचे, हा सल्ला शाळांना, दवाखान्यांना, पतपेढ्यांना हवाच आहे. हार्ड डिस्क काढून एस.एस.डी. बसविण्याचे, जुनी माहिती सुखरूप उतरवून देण्याचे हजार रुपये मजुरी घेतली, तर अशी तीन कामे म्हणजे नव्या यंत्राचा संपूर्ण नफा. आणि त्यात गुंतलेले भांडवल म्हणजे एक पेचकस व एक दुपार.

तेव्हा बाईंना स्पष्ट उत्तर असे : चार लाख देऊ नयेत. नोकरी चालू ठेवून चिरंजीवांनी सुटीच्या दिवशी व संध्याकाळी सहा महिने हे काम घरून करावे. मात्र आपल्या मालकाला तसे सांगून, आणि त्याच्या गिऱ्हाइकांना हात न लावता. हत्यारे, तपासणीसाठी ठेवावयाचे काही सुटे भाग आणि थोडी रोकड मिळून पन्नास हजार रुपये पुरावेत. ते आपण द्यावेत, पण कर्ज म्हणून, कागदावर लिहून. आपल्या ठेवीला हात लावणे नको वाटत असेल तर मुद्रा योजनेतील ‘शिशु’ कर्ज ५०,००० रुपयांपर्यंत तारणावाचून मिळते, त्यासाठी बँकेत चौकशी करावी. सहा महिन्यांत तीस गिऱ्हाइके झाली आणि त्यांतली दहा पुन्हा आली, तर दुकानाचा विषय अवश्य काढावा. आपण आयुष्यभर शाळेचे हिशेब ठेवलेत, या धंद्याची वहीही आपणच ठेवावी. मुलाच्या मेहनतीचा पगार खर्चात धरण्यास विसरू नये. घरच्या धंद्यात तेवढी एकच रक्कम नेहमी गळते.

बाहेरची खोली या कामाला चालेल काय, असेही आपण विचारले आहे. चालेल. फक्त वीजमिस्त्रीकडून अर्थिंग तपासून घ्यावे, टेबलावर लोकरी वा नायलॉनचे कापड घालू नये, आणि पावसाळ्यात सुटे भाग भिंतीला लागून ठेवू नयेत.