रांगेत चाळीस जण, माणूस एकच

मागच्या शनिवारी सकाळी साडेआठला दारावरची बेल वाजली. लेटरकेनीत शनिवारी साडेआठला कुणी कुणाकडे जात नाही. पाऊस सोडला तर रस्त्यावर कुणी नसतं. दार उघडलं तर इथल्याच एका कंपनीत काम करणारा एक मराठी मुलगा लॅपटॉप काखोटीला मारून उभा. नाशिककडचा, वय सव्वीस, हुशार, आणि डोक्यावर शिक्षणाचं कर्ज.

"दादा, जरा बघता का? अपडेट आल्यापासून चालतच नाहीये."

मला वाटलं हापिसचं काही असेल. चहा टाकला, लॅपटॉप उघडला. निघाला एक ब्राउजर. शुद्ध मराठीत न्याहाळक. पण हा तुमच्या-माझ्यासारखा बातम्या न्याहाळणारा नव्हे. हा फक्त एकाच कामासाठी जन्माला आलेला: मोठ्या कार्यक्रमांची तिकिटं विकत घेणे. दरमहा वर्गणी भरायची, मग तो उघडतो. वर्गणी चुकली की बंद.

नमनाला घडाभर तेल झालं, पण हा काय प्रकार आहे ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

तुम्ही साध्या ब्राउजरमध्ये तिकिटांचं दुकान उघडता तेव्हा ते दुकान तुम्हाला एक कुकी देतं. कुकी म्हणजे दवाखान्यात मिळतं तसं नंबराचं टोकन. तुम्ही दहा खिडक्या उघडल्या तरी सगळ्यांत तेच टोकन असतं, म्हणून दुकानाला कळतं की हा एकच माणूस आहे. या खास ब्राउजरमध्ये प्रत्येक टॅबला स्वतःची वेगळी बरणी असते. चाळीस टॅब उघडले की चाळीस टोकनं. प्रत्येक टॅबला वेगवेगळा पत्ता चिकटवता येतो, म्हणजे एक जण डब्लिनमधून आलाय, दुसरा कॉर्कमधून, असं दुकानाला वाटतं. वर नाव, कार्डाचा नंबर, पत्ता क्षणार्धात भरण्याची सोय. आजकाल मोठ्या कार्यक्रमांना विक्री सुरू होताना थांबलेल्यांना चिठ्ठ्या टाकल्यासारखे क्रमांक वाटण्याची पद्धत आहे. तिथे तुमची एक चिठ्ठी आणि याच्या चाळीस.

आणि अपडेट? तीच तर खरी गोष्ट. आपल्या ब्राउजरला अपडेट येतो तो बहुतेक वेळा कुठेतरी भोक सापडलं म्हणून, ते बुजवायला. या ब्राउजरचा अपडेट उलटा. दुकानाने एक भोक बुजवलं, आता दुसरं शोधलंय, असा त्याचा अर्थ. दुकानाने वाकड्या अक्षरांचं कोडं घातलं, अपडेट. एकाच पत्त्यावरून येणारी गर्दी अडवली, अपडेट. फोनवर आकडा पाठवायला सुरुवात केली, अपडेट. प्रोग्रॅमर म्हणून मला त्यातल्या कारागिरीचं कौतुक वाटलं, हे कबूल करतो. पण चोराने कुलूप किती सफाईने उघडलं याचं कौतुक शेजाऱ्याच्या घरापुरतंच टिकतं.

हा खेळ नवा नाही. अमेरिकेत वाइजगाय नावाच्या टोळीने २००२ ते २००९ या काळात असंच करून दहा लाखांहून जास्त तिकिटं उचलली, दोन कोटी डॉलरहून जास्त नफा केला. त्यांनी कोडी सोडवणारं सॉफ्टवेअर लिहायला बल्गेरियातले प्रोग्रॅमर धरले होते. २०१० साली खटला उभा राहिला, आणि २०११ मध्ये शिक्षा काय झाली? देखरेखीखाली सोडून दिलं, तुरुंग नाही. डिसेंबर २०१६ मध्ये अमेरिकेने खास बॉट्सविरोधी कायदा केला. त्याखाली पहिली कारवाई व्हायला २०२१ उजाडलं. कायदा पाच वर्षांत एकदा हलतो आणि ब्राउजर दर आठवड्याला, तेव्हा शर्यत कोण जिंकणार हे सांगायला ज्योतिषी नको.

आपल्याकडचं उदाहरण ताजं आहे. जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्लेचे नवी मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियमवर तीन कार्यक्रम झाले. त्यांची तिकिटं २२ सप्टेंबर २०२४ ला विक्रीला आली, तेव्हा एक कोटीहून जास्त लोक आले होते, असं विकणाऱ्या कंपनीनेच सांगितलं. काही मिनिटांत सगळं संपलं आणि तीच तिकिटं दुसरीकडे लाखांत दिसू लागली. पोलिसांनी चौकशी केली, मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली. न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये ती निकाली काढली. कायदा करणं हे विधिमंडळाचं काम, आमचं नाही, असा सूर. न्यायालयाचं बरोबरच असेल. पण म्हणजे काय झालं? रांगेत उभा असलेला माणूस कुणाच्याच अखत्यारीत नाही.

आयर्लंडने इथे एक शहाणपण केलं. २०१७ मध्ये क्रोक पार्कवरच्या यू-टूच्या कार्यक्रमाची तिकिटं भरमसाट भावात फिरली तेव्हा आरडाओरड झाली, आणि २०२१ मध्ये कायदा आला. मोठ्या ठरावीक जागा आणि कार्यक्रमांचं तिकीट छापील किमतीहून जास्त भावात विकणं हा गुन्हा. एक लाख युरोपर्यंत दंड, दोन वर्षांपर्यंत कैद. मला यातलं मर्म आवडतं. कायद्याने ब्राउजरच्या मागे धावण्यापेक्षा त्याच्या नफ्यावर पाय दिला. नफाच नाही तर चाळीस टॅब उघडून करायचं काय?

पण इथेही भिंतीला एक खिडक आहेच. ३१ ऑगस्ट २०२४ ला ओएसिसच्या क्रोक पार्कवरच्या कार्यक्रमांची विक्री झाली. लोक तासन् तास आंतरजालावरच्या रांगेत बसले, आणि नंबर लागला तेव्हा काही तिकिटांचा भाव जाहीर केलेल्या भावाच्या दुपटीहून वर गेलेला. यात दलाल नव्हता. मागणी बघून भाव चढवण्याची ही कायदेशीर पद्धत. अर्थशास्त्र शिकलेले म्हणतात, तिकिटाची बाजारात तेवढी किंमत आहेच, तर ती दलालाला मिळण्यापेक्षा गाणाऱ्याला मिळालेली काय वाईट? मुद्दा बिनतोड वाटतो. पण मग रांग लावता कशाला? सरळ लिलाव पुकारा. रांगेचं नाव घेऊन माणसाचे चार तास घ्यायचे आणि शेवटी लिलावात उभं करायचं, याला माझ्या मते फसवणूकच म्हणायला हवं. मुलाच्या न्याहाळकाला मी नावं ठेवतो, तर हे सोडून कसं चालेल?

तर मंडळी, मी त्या मुलाला सांगितलं, "हे मी दुरुस्त करणार नाही. आणि तूही हे बंद कर. इथे हा गुन्हा आहे, आपण परक्या देशात परवान्यावर राहतो. चार तिकिटांसाठी सगळं घालवशील."

तो म्हणाला, "मी विकतो तो कार्यक्रम इथला नाही दादा, बाहेरच्या देशातला आहे. तिथे चालतं." मग जरा थांबून, "आणि तुम्हीच तर गणपतीच्या तिकिटांची गोष्ट सांगितली होती ना?"

सांगितली होती. गेल्या दिवाळीला, चार लोकांत, फुशारकी मारत.

गोष्ट अशी. मी ठाण्यात होतो तेव्हा गणपतीत कोकणात जायची तिकिटं काढणं म्हणजे लढाई असे. आरक्षण सकाळी आठला उघडायचं आणि डोळ्याचं पातं लवेपर्यंत वेटिंग. एका वर्षी मी एक छोटीशी स्क्रिप्ट लिहिली. काही विशेष नाही, फॉर्ममध्ये चौघांची नावं, वयं, खालचा बर्थ, सगळं एका बटणात भरायची. आठ वाजून काही सेकंदांनी चार तिकिटं पक्की. आई खूश, बाबा खूश. संध्याकाळी जिन्यात शेजारचे काका भेटले. पहाटे चार वाजता स्टेशनच्या खिडकीवर जाऊन उभे राहिले होते, रांगेत दुसरा नंबर होता. तरी वेटिंग. "तुमचं झालं का रे?" त्यांनी विचारलं. मी "हो, नशीब" म्हणालो.

नशीब! वर्षानुवर्षं त्या गाडीने जाणारा माणूस, गुडघे दुखत असताना चार तास उभा, आणि मी अंथरुणात बसून एक बटण दाबलं. मी तिकीट विकलं नव्हतं, घरच्यांसाठीच काढलं होतं. हेतू चांगला होता. पण रांगेला हेतू दिसत नाही, तिला फक्त कोण पुढे गेलं एवढंच दिसतं. माझ्यात आणि या मुलात फरक आहे, नक्की आहे. पण जेवढा मला त्या सकाळी हवा होता तेवढा नाही.

रेल्वेने पुढे बरंच केलं. जुलै २०२५ पासून आंतरजालावर तात्काळ तिकिटाला आधारची ओळख लागते, आणि पहिली तीस मिनिटं एजंटांना बंद. त्याआधी सरकारने सांगितलं होतं की तात्काळच्या पहिल्या पाच मिनिटांत येणाऱ्यांपैकी निम्म्यापर्यंत यंत्रंच असतात. निम्मी! म्हणजे काकांच्या पुढे एक माणूस नव्हताच, एक भूत उभं होतं.

ओळखपत्राचा उपाय गाण्याच्या कार्यक्रमाला लावावा का? मला थोडी धास्ती वाटते. गाणं ऐकायला जाताना सरकारी नंबर का द्यायचा? पण मधला रस्ता आहे. इंग्लंडात ग्लास्टनबरीच्या महोत्सवाने २००७ पासून आधी फोटोसकट नोंदणी आणि तिकिटावर तोच फोटो अशी पद्धत ठेवली. तिकीट दुसऱ्याला देता येत नाही. नको असेल तर परत करा, ते ज्या भावाचं त्याच भावात पुढच्याला मिळतं. तिथेही तिकिटं झटपट संपतात, लोक हिरमुसतात. पण माणूस माणसाकडून हरतो, यंत्राकडून नाही. हरायला माझी हरकत नाही. गडकरी रंगायतनच्या खिडकीवरून कितीदा तरी हात हलवत परत आलोय. पण तिथे खिडकीतल्या माणसाला माझा चेहरा दिसायचा. कागदी प्लॅनवर पेन्सिलने फुली मारता मारता तो म्हणायचा, "मघाशी घेऊन गेलात ना?" चाळीस टॅब त्या नजरेपुढे टिकले नसते.

इथल्या लोकांनी तर त्याहून जुना उपाय जपलाय. जुलै २०२५ मध्ये डॉनिगलचा संघ गेलिक फुटबॉलच्या अखिल आयर्लंड अंतिम सामन्यात पोचला. लेटरकेनी हिरव्या-पिवळ्या झेंड्यांनी भरून गेली. क्रोक पार्कमध्ये ब्याऐंशी हजार माणसं मावतात, तरी या सामन्याची तिकिटं मुख्यतः काउंटीच्या मंडळांमार्फत गावोगावच्या क्लबांत वाटली जातात. माझे शेजारी सत्तरीचे. पोरांना शिकवणं, मैदानावर चुन्याच्या रेघा मारणं, सगळं फुकट करत आले. त्यांना क्लबातून एक तिकीट मिळालं, छापील किमतीत. इथे रेल्वे नाही, ती १९५९ संपता संपता बंद झाली. म्हणून पहाटे बसने चार तास डब्लिन. सामना केरीने जिंकला. आजोबा रात्री परतले ते हरूनही तृप्त.

मी मात्र टीव्हीवर बघितला, कारण माझी क्लबात ओळख नाही. म्हणजे ही पद्धतही निर्दोष नाही. परका माणूस बाहेरच राहतो, आणि वशिला शिरायलाही जागा आहे. तरी एक गोष्ट तिच्यात आहे. तिकीट मिळवायला तिथे वेग लागत नाही, वर्षं लागतात. आणि वर्षांचा अपडेट कुठल्याही ब्राउजरला येत नाही.

थोडक्यात माझं म्हणणं एवढंच. जिथे पहिला येईल त्याला तिकीट असा नियम आहे, तिथे यंत्र नेहमीच पहिलं येणार. कोडी वाढवून ते थांबणार नाही, फक्त चष्मेवाल्या काकांना जास्त कोडी सोडवावी लागतील. वेगाची किंमत शून्य करा: आधी नोंदणी, मग सोडत, तिकिटावर नाव, परत केलं तर त्याच भावात, आणि भाव रांगेत उभं राहण्याआधी सांगा. आणि आपण जे ही यंत्रं लिहितो, त्यांनी "आम्ही फक्त हत्यार बनवतो" हे म्हणणं सोडून द्यावं. ज्या हत्याराचा प्रत्येक अपडेट कुणाचं तरी कुलूप उघडायला येतो, त्याचा धंदा बनवणाऱ्यालाही ठाऊक असतो.

मुलगा चहा पिऊन गेला. रागावला असावा, बिस्किटाला हात लावला नाही. ब्राउजर मी दुरुस्त केला नाही, पण त्याने दुसऱ्या कुणाकडून करून घेतला असेल, किंवा पुढच्या अपडेटात आपोआप झाला असेल. कर्जाचा हप्ता तर त्याला महिन्याच्या महिन्याला भरायचाच आहे. त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आत्ताही नाही.

संध्याकाळी मी ठाण्याला फोन केला. बाबांना विचारलं, शेजारचे काका कसे आहेत? म्हणाले, बरे आहेत, हल्ली गणपतीला जात नाहीत, गुडघ्यांनी साथ सोडली. ती स्क्रिप्टची गोष्ट मी त्यांना कधी सांगितली नव्हती. पुढच्या वेळी घरी गेलो की सांगेन म्हणतो. असो.